पाचव्या महिन्यात दुर्बिणीतून अपेंडिक्सचं ऑपरेशन – कुणाचा अनुभव?

मुक्ता_नाशिक
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच असते, आज विषय वेगळा आहे.

तीन आठवड्यांपूर्वी, विसावा आठवडा चालू असताना, माझं अपेंडिक्स काढलं. दुर्बिणीतून. संध्याकाळी बेंबीभोवती दुखायला लागलं, आई म्हणाली गॅस असेल, ओवा आणि काळं मीठ दिलं. रात्री दोनदा उलटी झाली. त्याचंही कुणाला काही वाटलं नाही, माझ्या उलट्या तोवर थांबल्याच नव्हत्या. पहाटे दुखणं उजवीकडे खाली येऊन बसलं आणि बाथरूमपर्यंत जायचं तर कमरेत वाकून जावं लागायला लागलं. सकाळी गायनॅकने आधी लघवी तपासली. सोनोग्राफीत बाळ व्यवस्थित दिसलं, अपेंडिक्स काही दिसेना. मग एमआरआय, मग सर्जन, आणि दुपारी चारला मी थिएटरमध्ये.

बाळ ठीक आहे, लाथा मारतंय. मीही ठीक आहे.

मग धागा कशाला? गेल्या आठवड्यात आत्येसासूबाई भेटायला आल्या. "पोटात गॅस भरला म्हणे तुझ्या? आणि बाळ कुठे होतं तेव्हा?" हे हसण्यावारी नेलं. पण परवा नणंदेने एक लेख पाठवला. गरोदरपणात दुर्बिणीने अपेंडिक्स काढलं तर बाळ दगावण्याचं प्रमाण पोट उघडून केलेल्यापेक्षा जवळपास दुप्पट असतं म्हणे. तेव्हापासून झोप नाही. सर्जनना विचारायची लाज वाटते, त्यांनी सगळं समजावलं होतं आणि सही मीच केली होती.

तर, दुप्पट हे खरं आहे का? आता धोका टळला म्हणायचा की अजून आहे? आणि नॉर्मल डिलिव्हरीला हे टाके आड येतात का?

पुणेरी_पाटी
मूळ ग्रंथ छापखान्यात असताना परिशिष्ट काढून टाकलंत. ग्रंथाला काय होतंय!
(ह. घ्या. आणि काळजी घ्या.)

गवती_चहा
मुक्ता, माझं २०१७ साली तेराव्या आठवड्यात झालं, दुर्बिणीतूनच. लेक आता शाळेत जाते आणि घर डोक्यावर घेते. मला टाक्यांपेक्षा उजवा खांदा जास्त दुखला. दोन दिवस वाटत होतं की थिएटरमध्ये मला कुणीतरी पाडलं आणि सांगत नाहीयेत. नंतर कळलं की पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटल दुखावतं आणि ते खांद्याला जाणवतं. तुला झालं का असं?

मुक्ता_नाशिक
हो!! मला वाटलं सलाइनच्या हाताची नस आखडली.

विसूनाना
आमच्या सौ.चं १९८९ साली साताऱ्यात झालं, सातव्या महिन्यात. दुर्बीण वगैरे काही नव्हती. कमरेत इंजेक्शन दिलं, उजवीकडे चार बोटं चीर, आठ दिवस दवाखान्यात. चिरंजीव आज मगरपट्ट्यात संगणकासमोर बसून आम्हाला फोनवर ज्ञान देतात. सांगायचा मुद्दा, जुनी पद्धत काही वाईट नव्हती. हल्ली साध्या गोष्टीला यंत्रं फार लागतात. गरोदर बाईच्या पोटात हवा भरायची ही कल्पनाच मला पटत नाही.

भूलथाप
नाना, हवा नाही, कार्बन डायऑक्साइड. मी भूलतज्ज्ञ आहे (आयडी त्याचमुळे), म्हणून आत्येसासूबाईंच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच, आम्हीही थिएटरमध्ये तोच विचार करत असतो.

बाळ पिशवीत, पाण्यात असतं. वायू पिशवीच्या बाहेर, आतड्यांच्या भोवती भरला जातो, म्हणजे बाळाला "हवा लागत" नाही. दाब १० ते १५ मिलिमीटरच्या आत ठेवतात, बहुतेक ठिकाणी १२ च्या आसपास. तुम्ही जोरात खोकलात तर पोटातला दाब क्षणभर याच्या कितीतरी वर जातो.

खरी काळजी दुसरी असते. तो वायू थोडा थोडा आईच्या रक्तात शोषला जातो. आईच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की बाळाच्याही वाढतो. म्हणून श्वासाच्या नळीला जोडलेल्या यंत्रावर आमचे डोळे खिळलेले असतात, आकडा चढायला लागला की श्वास वाढवायचा. दुसरं, बाईला सरळ पाठीवर झोपवायचं नाही. पिशवीचं वजन पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडलं की आईचं बीपी उतरतं आणि बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो. म्हणून टेबल डावीकडे कलतं. मुक्ता, तुम्हाला आठवत असेल तर उजव्या कुशीखाली काहीतरी दिलं असेल.

आणि भुलीच्या औषधांबद्दल कुणी विचारण्याआधीच सांगतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ साली इशारा दिला तो तीन तासांपेक्षा लांब किंवा पुन्हापुन्हा दिलेल्या भुलीबद्दल होता, तीन वर्षांखालची मुलं आणि गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने यांच्यासंदर्भात. साधं अपेंडिक्स तासाभरात उरकतं. भुलीतून उठल्यावर काही तास बाळ कमी हलतं, कारण औषध त्यालाही पोचलेलं असतं. त्याने घाबरून जायला होतं खरं.

मुक्ता_नाशिक
कुशीखाली घडी केलेली चादर होती. मला वाटलं गादी खराब आहे म्हणून.
ते कमी हलणं, अहो, ती रात्र विचारू नका. सिस्टरने मशीन लावून ठोके ऐकवले तेव्हा कुठे जिवात जीव आला.

आज्जीचा_बटवा
आमच्याकडे पोटात कळ आली की एरंडेल द्यायचे. कोठा साफ झाला की अर्धी दुखणी जातात. हल्ली जरा दुखलं की ऑपरेशन.

कातरवेळ
आज्जी, हात जोडतो. अपेंडिक्सचा संशय असताना एरंडेल नको, आणि गरोदर बाईला तर मुळीच नको. मी सोलापूरकडचा सर्जन. एरंडेल पिऊन, पोट शेकून तिसऱ्या दिवशी आलेल्या बायका पाहिल्यात. पोट उघडलं की पू असतो.

आज्जीचा_बटवा
बरं बाबा. मी फक्त आमच्याकडची पद्धत सांगितली.

गणितात_कच्चा
नणंदेच्या लेखातलं "दुप्पट" कुठून आलं ते मला वाटतं मला माहीत आहे. (डॉक्टर नाही. आकडेवारीवर पोट भरतो.)

२०१२ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीमध्ये ११ अभ्यासांची गोळाबेरीज छापून आली. ३,४१५ गरोदर बायका. दुर्बिणीच्या गटात बाळ जाण्याचा धोका १.९१ पट. झालं "जवळपास दुप्पट". पण त्या ११ मध्ये एकच अभ्यास हत्तीएवढा आहे, बाकी सगळे ससे. तो २००७ चा, कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांच्या नोंदींवरून केलेला. त्यात एकट्यात ३,१३३ बायका. म्हणजे गोळाबेरीज म्हणून जे दिसतं ते बहुतांशी त्या एकाच अभ्यासाचं म्हणणं.

पुढे २०१९ मध्ये २२ अभ्यास आणि ४,६९४ बायका घेऊन पुन्हा हिशेब झाला. तिथेही सगळे एकत्र धरले की दुर्बीण वाईट दिसते, आणि तो एक हत्ती बाजूला काढला की फरक इतका उरतो की तो नुसत्या योगायोगानेही येऊ शकेल. जखम चिघळणं आणि हॉस्पिटलमधला मुक्काम दुर्बिणीत कमी.

शिवाय या बायकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेलं नव्हतं. कुणाला कसं करायचं हे सर्जननेच ठरवलेलं. पहिल्या महिन्यांत पोट लहान, जागा भरपूर, म्हणून दुर्बीण जास्त वापरली जाते. आणि पहिल्या महिन्यांत ऑपरेशन न करताही गर्भपात जास्तच होतात. मग दोष दुर्बिणीच्या माथी मारायचा की महिन्याच्या?

विसूनाना
म्हणजे आपल्याला नको तो अभ्यास बाजूला काढायचा आणि हवं ते उत्तर मिळवायचं. छान आहे आकडेवारी.

गणितात_कच्चा
नाना, टोमणा रास्त आहे, झेलतो. म्हणूनच "दुर्बीण शंभर टक्के सुरक्षित हे सिद्ध झालं" असं मी म्हणत नाहीये. "दुप्पट धोका सिद्ध झाला" हे म्हणता येत नाही, एवढंच. आणि गंमत म्हणजे त्या हत्तीमध्येच मुक्ताताईंसाठी जास्त कामाची गोष्ट आहे. साध्या सुजलेल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर बाळ जाण्याचं प्रमाण २ टक्के. फुटलेलं किंवा गुंतागुंतीचं, तर ६ टक्के. आणि पोटात शिरल्यावर अपेंडिक्स चांगलंच निघालं, त्यात ४ टक्के.

अटकमटक
थांबा थांबा. अपेंडिक्स चांगलं असताना २ पेक्षा जास्त??

गणितात_कच्चा
हो. कारण मग दुखत होतं ते दुसऱ्याच कशाने तरी, आणि ते तसंच राहिलं. किंवा ऑपरेशनचा ताण फुकट पडला. नक्की कारण तो अभ्यास सांगू शकत नाही. पण "शंका आहे ना, काढून टाकू" हे गरोदरपणात स्वस्त पडत नाही, हे त्यातून दिसतं. आधी एमआरआय केला ते फार बरं झालं.

मुक्ता_नाशिक
हे वाचून आता नवीनच भुंगा लागला. माझं अपेंडिक्स खरंच सुजलेलं होतं ना? काढलेला तुकडा तपासायला पाठवला होता, पण तो रिपोर्ट आम्ही आणलाच नाही. डिस्चार्जच्या गडबडीत राहून गेलं.

निशिगंध
बरेच दिवस वाचतेय, लिहावं की नाही ठरत नव्हतं.

२०११. सतरावा आठवडा. आमच्या गावात आधी पित्त म्हणून गोळ्या, मग इंजेक्शनं. "गरोदर आहे, उगाच चिरफाड नको" असं घरातले म्हणाले आणि डॉक्टरही म्हणाले. इंजेक्शनने दुखणं एक दिवस कमी झालं, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं तेव्हा फुटलेलं होतं. मधोमध उभी चीर. तिसऱ्या रात्री कळा सुरू झाल्या.

मला दुर्बीण मिळाली नाही, मिळाली असती तरी त्या दिवशी तिचा उपयोग नव्हता. मुक्ता, तू दुखायला लागल्यापासून चोवीस तासांच्या आत टेबलावर होतीस. मी तुझा धागा तीनदा वाचला तो त्या एका ओळीसाठी.

गवती_चहा
निशिगंध, लिहिलंस, बरं केलंस.

पुणेरी_पाटी
माझा वरचा विनोद आज मलाच नीट वाटत नाहीये. क्षमस्व.

निशिगंध
अहो नाही, तो विनोद वाचूनच तर आत आले.

कातरवेळ
१९०८ साली बॅबलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने लिहून ठेवलंय की गरोदर बायकांचे अपेंडिक्समुळे होणारे मृत्यू हे उशीर केल्यामुळे होणारे मृत्यू असतात. अँटिबायोटिक्स नव्हती त्या काळातलं वाक्य आहे. निशिगंधताईंचं वाचून तेच आठवलं.

आता उशीर का होतो तेही सांगतो, कारण सगळाच हलगर्जीपणा नसतो. गरोदरपणात उलट्या असतातच. पोट ताणलं जाऊन उजवीकडे ओढ लागते, तीही असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी ११ हजारांच्या वर गेल्या की आम्ही कान टवकारतो, गरोदर बाईच्या १६ हजार असल्या तरी ते नॉर्मल असू शकतं. पिशवी वाढली की अपेंडिक्सला वर ढकलते, असं १९३२ पासून पुस्तकांत आहे. पण माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त बायकांना खाली उजवीकडेच दुखतं, आणि नंतरच्या काही अभ्यासकांनीही त्या जुन्या सिद्धांतावर शंका घेतली आहे. त्यात सोनोग्राफीत पिशवी मध्ये येते. म्हणून पहिली सोनोग्राफी कोरी आली की सर्जन, गायनॅक दोघंही घुटमळतात. "सकाळी पुन्हा बघू." ती सकाळ महाग पडते.

दुर्बीण की उघडून, यावर माझं मत. २०२० च्या जेरुसलेम मार्गदर्शक तत्त्वांत (आपत्कालीन शस्त्रक्रियेच्या जागतिक संघटनेची) गरोदर बाईला ऑपरेशन लागणार असेल आणि हात बसलेला सर्जन असेल तर दुर्बिणीला पसंती दिली आहे. अमेरिकेतली सेजेस ही दुर्बिणीवाल्या सर्जनांची संघटना तर कुठल्याही महिन्यात चालेल म्हणते. माझ्यासाठी "हात बसलेला" हे शब्द महत्त्वाचे. विसाव्या आठवड्यात पिशवी बेंबीपर्यंत आलेली असते, त्यामुळे पहिलं छिद्र नेहमीच्या जागी पाडून चालत नाही, वर सरकावं लागतं. ज्याने वर्षात दोनच दुर्बिणी केल्या आहेत त्याने आठव्या महिन्यात शिकायला जाऊ नये. अशा ठिकाणी नानांच्या सौ.ना दिली तशी चार बोटं चीर दिली तर मी त्याला नावं ठेवणार नाही. नाना, हे तुमच्या बाजूचं.

विसूनाना
नोंद घेतली. घरात वाचून दाखवलं.

भूलथाप
एक गंमत जोडतो. दुर्बिणीतून पहिलं अपेंडिक्स १९८० साली जर्मनीत कील इथे काढलं ते कुर्ट झेम यांनी, आणि ते मुळात स्त्रीरोगतज्ज्ञ. सर्जन मंडळी तेव्हा चिडली होती.

कातरवेळ
अजूनही चिडतात.

अटकमटक
अवांतर: विम्याचं काय झालं? माझ्या बहिणीच्या वेळी कंपनीने "गरोदरपणाशी संबंधित खर्च पॉलिसीत नाही" म्हणून कॅशलेस अडवलं होतं. अपेंडिक्स आणि गरोदरपणाचा काय संबंध? गायनॅकने लेटरहेडवर "हा स्वतंत्र आजार आहे" असं लिहून दिलं तेव्हा पैसे सुटले.

मुक्ता_नाशिक
आमच्याकडेही तीच क्वेरी आली होती, नवरा दोन तास फोनवर. मला त्यापेक्षा तो एफ फॉर्म लक्षात राहिलाय. पोट धरून बसलेय आणि सोनोग्राफीवाले म्हणतात आधी ओळखपत्र द्या, सही करा की बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. अहो, मला माझं अपेंडिक्स जाणून घ्यायचंय!

कातरवेळ
हसू आलं, पण ते त्यांच्या हातात नाही. १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्यानुसार गरोदर बाईची कुठलीही सोनोग्राफी असली तरी एफ फॉर्म लागतो, मग ती मुतखड्यासाठी का असेना. एक रकाना कोरा राहिला तरी सोनोग्राफीवाला अडचणीत येतो.

अटकमटक
नुसत्या अँटिबायोटिक्सवर भागत नाही का? मध्यंतरी पेपरात होतं की ऑपरेशनची गरजच नाही.

कातरवेळ
२०२० च्या मोठ्या अमेरिकन चाचणीमुळे ती चर्चा वाढली. त्या चाचणीत गरोदर बायका घेतल्याच नव्हत्या. त्यामुळे तिचा निष्कर्ष इथे उचलून लावता येत नाही.

संपादक
दोन प्रतिसाद उडवले आहेत. डॉक्टर किती कमावतात यावर स्वतंत्र धागा आहे, तिकडे जावे.

मुक्ता_नाशिक
पाच दिवसांनी येतेय. आधी रिपोर्टचं. नवरा लॅबमध्ये गेला तर तो तीन आठवडे तिथेच पाकिटात पडून होता. अपेंडिक्स सुजलेलं, आत पू धरायला लागलेला, फुटलेलं नाही. तो कागद वाचून मी रडले, आणि नवऱ्याला कळेना की बातमी चांगली आहे की वाईट.

मग धीर करून सर्जनकडेही गेले, नणंदेचा लेख घेऊन. चिडले नाहीत. म्हणाले, ऑपरेशनमुळे गडबड व्हायची तर बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांत होते. तुमचे तीन आठवडे गेलेत, आता तुम्ही इतर गरोदर बायकांसारख्याच, पण कळा, पाणी, ताप, बाळ कमी हलणं यातलं काही झालं तर वाट बघायची नाही. डिलिव्हरीचं विचारलं तर म्हणाले तिन्ही छिद्रं भरून आलीत, नॉर्मलला यांची अडचण नाही. सिझर झालं तर ते दुसऱ्या कारणाने होईल, माझ्या नावावर खपवू नका.

ऑपरेशननंतर कळा थांबवायच्या गोळ्या का दिल्या नाहीत असं आईने विचारलं. कळा नसताना त्या देत नाहीत म्हणाले.

भूलथाप
बरोबर सांगितलं. दुखल्यावर पॅरासिटामॉलच घ्या, घरातल्या डब्यातली दुसरी कुठली गोळी नको. आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं विसाव्या आठवड्यानंतर टाळायची असतात.

निशिगंध
पाकीट मिळालं, फार बरं वाटलं. एप्रिलमध्ये इथे कळव.

नवा_गडी
धागा आत्ता वाचला. माझा प्रश्न कदाचित वेडगळ असेल. लहानपणापासून ऐकलंय की पेरूच्या बिया अडकून अपेंडिक्स होतं. खरं का?

कातरवेळ
इतकी अपेंडिक्स काढली, बी सापडल्याचं आठवत नाही. अडकतो तो बहुधा घट्ट झालेल्या शौचाचा खडा. पेरू खा.

मुक्ता_नाशिक
हे मी आत्येसासूबाईंना वाचून दाखवणार आहे. काल त्यांनी पेरू पाठवलेत. फोडी करून, बिया काढून, डब्यात.